‘काय गेले?’

घर फुटल्याची वार्ता कानी पडताच आपल्यातील सुशिक्षित मनुष्य जो पहिला प्रश्न विचारतो, तो गेल्या श्रावणापासून आम्हांस इतक्या वेळा विचारण्यात आला आहे की, त्याचा एकदा जाहीर समाचार घेतल्यावाचून आमच्या जिवास स्वस्थता लाभणार नाही. ‘काय गेले?’ हा तो प्रश्न. विचारणारे सर्व आमचे आप्त, स्नेही, हितचिंतक. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु सद्धेतूने विचारलेला प्रश्नही मुळातच वाकडा असू शकतो, आणि एकदा प्रश्न वाकडा पडला म्हणजे त्याच्यामागून येणारी सहानुभूती, उपदेश व तर्क ही सारीच वाकडी चालू लागतात.

प्रथम हकीकत सांगतो. चाकरीची सारी वर्षे शहरात भाड्याच्या जागेत काढल्यावर आम्ही खुलताबादेस, म्हैसमाळच्या रस्त्यालगत, एक लहानसे घर बांधविले. दसऱ्यास राहावयास जावे असा बेत होता. श्रावणातील एका शनिवारी सकाळी भद्रा मारुतीचे दर्शन घेऊन, रंगाचे काम कोठवर आले ते पाहावे म्हणून आम्ही उभयता घराकडे गेलो. श्रावणी शनिवारच्या आदल्या रात्री शहराकडून दौलताबादच्या घाटाने भाविकांची रीघ पायी लागलेली असते; त्या रात्रीही गाव जागेच होते. आम्ही दाराशी पोहोचलो तो कुलूप जसेच्या तसे शाबूत, किल्ली घातली असती तर उघडलेही असते. मात्र ज्या कोयंड्यात ते अडकविले होते तो कोयंडाच चौकटीतून उपटून निघाला होता आणि दार उघडे होते. आत भिंतींतील नळ्यांमधून तांब्याची तार ओढून नेलेली, न्हाणीघरातील नळ कापून नेलेले, पाण्याची मोटार जागेवरून नाहीशी झालेली. नव्या गिलाव्याला पहारीचे घाव. आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेंगांची टरफले, कांद्याच्या साली, भाकरीचा एक वाळका तुकडा व विड्यांची चार-पाच थोटके.

तार-नळांकडे आमचे लक्ष होते, सौभाग्यवतींचे नव्हते. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. दसऱ्याच्या सकाळी त्याच ओट्यावर शेगडी पेटवून दूध उतू घालावयाचे, मग पहिला नैवेद्य, मग पहिले पान, हे त्यांनी गेले वर्षभर मनात मांडून ठेवले होते. ‘आपल्या आधी कोणीतरी इथं जेवून गेलं,’ एवढेच त्या बोलल्या.

आता ‘काय गेले?’ या प्रश्नास आम्ही काय उत्तर द्यावे? दिले ते असे: तार, नळ, मोटार. हे ऐकून विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पसरे तो पाहण्यासारखा असे. ‘एवढेच ना! मग सुटलात म्हणा की. राहावयास गेल्यावर झाले असते म्हणजे?’ एका वकील स्नेह्यांनी तर आमचे अभिनंदनच केले. नुकसानीचा हिशेब पाच आकड्यांच्या आत बसतो असे समजल्यावर दु:ख करण्याचा आमचा हक्क संपला, अशी सर्वांची समजूत झालेली दिसली. शेंगांच्या टरफलांचा उल्लेख करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्यांची किंमत विचारली असती तर काय सांगणार होतो?

गंमत अशी की, ज्या कायद्याला आपण रूक्ष म्हणतो त्याला या बाबतीत आमच्या स्नेह्यांहून अधिक समज आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तीच चोरी करण्यासाठी रात्री घर फोडले तर कलम ३३१ प्रमाणे ही शिक्षा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे रामाच्या वनवासाइतकी, वाढू शकते. हा भेद नवा नाही. १८६० च्या दंडसंहितेतही तो होता. माल तोच, मोल तेच, चोरही तोच. मग हा फरक कशाचा? वाटेवर सापडलेली मोटार नेणारा मोटार नेतो. घर फोडून तीच मोटार नेणारा आणखी काही नेतो, आणि ते ‘आणखी काही’ मोटारीहून मोठे आहे, असे कायद्याने मानले आहे. नव्या संहितेने पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. त्या दयेस आमचा विरोध नाही, उलट आम्ही तिचे स्वागत करतो. परंतु ती दया वस्तूच्या चोरीपुरती आहे. घरफोडीला किमतीची अशी मोजपट्टी कायद्याने लावलेली नाही. ती आम्ही लावतो, दिवाणखान्यात बसून, चहाचा पेला हाती घेऊन.

‘पण घर तर रिकामेच होते,’ हा दुसरा आक्षेप. आणि त्याच्या पोटातून निघालेला तिसरा, ‘मुळात रिकामे ठेवलेतच कशाला?’ कायद्याची शब्दयोजना येथे थोडी अडचणीची आहे हे आम्ही कबूल करतो. मनुष्याने राहण्यासाठी किंवा माल सांभाळून ठेवण्यासाठी वापरली जाणारी इमारत, असे ती बोलते. ज्या घरात अद्याप कोणी निजलेले नाही ते या दोहोंपैकी कशात बसते, याची चर्चा वकिलांनी खुशाल करावी. आमचे घर वखार म्हणून बसले तरी आमची हरकत नाही. पण सामान्य बुद्धीच्या माणसास एवढे तरी समजावे की, जगातील प्रत्येक घर राहते होण्यापूर्वी रिकामेच असते. चुना ओला असताना त्यात बिऱ्हाड कसे करावे? ज्यांनी आम्हांस हा प्रश्न केला त्यांपैकी दोघांची स्वत:ची घरे बांधून होऊन दोन-दोन वर्षे कुलूपबंद आहेत, कारण मुले पुण्यास असतात.

खुद्द आमचे गावच या बाबतीत मोठे विलक्षण आहे. पूर्वी त्यास रौझा म्हणत; ‘खुल्द’ म्हणजे नंदनवन, शाश्वत वस्तीचे स्थान. येथे बुऱ्हानुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी यांच्यासारखे सूफी साधुपुरुष विसावले, १६२६ साली वारलेला मलिक अंबर येथेच पुरला गेला, अहमदनगरास १७०७ साली मेलेल्या औरंगजेबाला येथेच आणले, आणि १७४८ साली पहिला निजाम आसफजाहही येथेच आला. मेलेल्यांचे गृहप्रवेश या गावात शतकानुशतके बिनधोक पार पडले आहेत. त्यांत औरंगजेबाची कबर तर उघड्या आकाशाखालची; तेथे फोडावयास छप्परच नाही. अडचण जिवंतांची आहे.

आता ज्या आक्षेपामागे पुण्याईचे बळ आहे त्याकडे वळतो. आमच्या एका वयोवृद्ध आप्तांनी आम्हांस एकनाथांची कथा ऐकविली. पैठण याच जिल्ह्यातले. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावरचे. तेव्हा कथा आम्हांस परकी नव्हे. नाथांच्या घरी चोर शिरले, आंधळे होऊन चाचपडू लागले. नाथांनी त्यांची दृष्टी परत आणविली, सामान नेऊ दिले, वर बोटातील अंगठीही काढून दिली, असे महिपतींच्या चरित्रात आहे. ‘आणि तुम्ही तारेसाठी ठाण्यावर जाता!’ असा आप्तांचा समारोप होता. आम्ही नम्रपणे एवढेच निवेदन करतो की, नाथांनी स्वत:च्या बोटातील अंगठी दिली. शेजाऱ्याच्या बोटातील नव्हे. दुसऱ्याचे घर फुटले असता त्याला संत होण्याचा आग्रह करणे यासारखे स्वस्त औदार्य आम्ही पाहिलेले नाही. आणि नाथ प्रत्यक्ष समोर उभे होते, चोर त्यांच्याशी बोलले, त्यांच्या हातचे घेऊन गेले. आमच्या चोराने आम्हांस देण्याची संधीच कोठे ठेवली? भुकेला होता तर दसऱ्यास येता. पान वाढले असते.

दुसरे उदाहरण चारुदत्ताचे. मृच्छकटिक देवलांच्या कृपेने मराठी घरोघरी ठाऊक आहे. शर्विलकाने भिंतीस पाडलेले भगदाड पाहून चारुदत्त रागावत नाही, त्या कारागिरीचे कौतुक करतो. एवढे मोठे घर पाहून बिचारा आशेने आला आणि रिकाम्या हाती गेला असेल, याचेच त्यास वाईट वाटते. हा प्रवेश आपल्या लोकांना फार आवडतो व आवडावाही. परंतु पुढची गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. वसंतसेनेची ठेव गेली असे कळताच तोच चारुदत्त मूर्च्छित पडतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला सोन्याचे दु:ख होत नाही. खरे काय घडले यावर कोण विश्वास ठेवील, दरिद्री मनुष्यावरच लोक संशय घेतील, याचे होते. शूद्रकाने ज्याचे घर फुटले त्याचे मन किती अचूक ओळखले होते पाहा! ‘काय गेले?’ हे विचारणारे मागून हळूच विचारतात, ‘खरेच मोटार नवी होती का?’

पूर्वीच्या काळी हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने विचारला जात असे. पेशव्यांच्या मुलुखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात गावच्या पहाऱ्याची पद्धत आलेली आहे. चोरी झाली म्हणजे गावच्या जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढावयाचा. माग पुढल्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविला म्हणजे जोखीम त्या गावावर पडावयाची. आणि माग कोठे लागलाच नाही तर नुकसान गावाच्या माथी. ही पद्धत न्यायाची होती असे आम्ही म्हणत नाही. तिचा भार सर्वांत गरीब व सर्वांत खालच्या मानलेल्या माणसाच्या मानेवर किती पडत असेल हे सांगावयास नको. पण तीत एक गोष्ट गृहीत होती: घर एकाचे फुटले तरी खोट गावाला आली. आमच्या खुलताबादेलाही कोट आहे, त्याला नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ अशा नावांचे दरवाजे होते. म्हणजे रात्री सारे गाव मिळून एकच दार लावीत असे. आज प्रत्येकाचे दार वेगळे, कुलूप वेगळे आणि झोपही वेगळी. आमच्या पलीकडच्या घरच्या मंडळींनी त्या रात्री ठोकण्याचा आवाज ऐकला होता. ‘आम्हाला वाटलं, तुमचेच मिस्त्री असतील,’ असे ते म्हणाले. रात्री दोन वाजता! आम्ही त्यांना दोष देत नाही. शहरात आमच्या भिंतीपलीकडे असाच आवाज झाला असता तर आम्हीही मिस्त्रीच म्हटले असते, आणि कूस बदलली असती.

येथवरच्या गोष्टी आम्ही हसून सोडून दिल्या असत्या. परंतु ‘काय गेले?’ याच्या पाठोपाठ जो प्रश्न येतो तो हसण्यासारखा नाही. तो म्हणजे ‘संशय कोणावर?’ हा होय. फिर्याद लिहिताना अंमलदार हे विचारतात ते त्यांचे कर्तव्य. आम्ही बोलत आहोत ते आमच्या बैठकीतल्या न्यायाधीशांविषयी. त्यांनी अर्ध्या तासात आरोपींची यादी तयार केली. रंगाऱ्याच्या हाताखालचा पोरगा; सेंट्रिंगचे दोघे; आणि पलीकडच्या माळावर ज्यांची पाले पडली होती ती सारीच माणसे, बायकामुलांसुद्धा. पुरावा काय, तर पोरास आणि सेंट्रिंगवाल्यांस ‘घराची माहिती होती.’ माहिती असणारच! घर त्यांनी बांधले होते. भिंतीत तार कोठून गेली आहे हे त्यांना ठाऊक असणे हा जर गुन्ह्याचा पुरावा, तर आम्ही त्यांस मजुरी दिली ती कशाबद्दल? आणि पालांतल्या माणसांविरुद्ध तर तेवढाही पुरावा नव्हता. त्यांची पाले तेथे होती, इतकेच.

इंग्रजी राज्यात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे मुंबई इलाख्यातही जातीच्या जाती जन्मानेच चोर ठरवून हजेरीच्या वहीत नोंदल्या गेल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, पण ती वही अद्याप आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात आहे. घर फुटले की ती बाहेर निघते. शर्विलकाचे नाव काढणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे की, त्या नाटकातला चोर जातीने ब्राह्मण आहे आणि भिंतीचे माप तो आपल्या यज्ञोपवीताने घेतो. दोन हजार वर्षांच्या आसपासचा नाटककार जे मोकळेपणाने रंगभूमीवर मांडू शकला, ते आमच्या आजच्या पदवीधर बैठकीत उच्चारले असते तर मंडळी चहा टाकून उठली असती.

आम्ही स्वत: या पापापासून मुक्त होतो असे मात्र वाचकांनी समजू नये. त्या शनिवारी दाराशी उभे असताना रंगाऱ्याच्या पोराचे नाव प्रथम आमच्याच मनात आले होते. बैठकीने ते मागून उच्चारले. फिर्यादीत आम्ही ‘कोणावरही संशय नाही’ असे लिहविले खरे. पण ते लिहविताना काही क्षण थांबलो होतो, हे येथे नमूद केले पाहिजे. आणि आम्ही लिहविले नाही ते आमच्या एका मेहुण्यांनी दूरध्वनीवरून ठेकेदारास परस्पर कळविले. सोमवारी तो पोरगा कामावर आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. ‘साहेब, आत येऊ का?’ असे त्याने विचारले. गेले दोन महिने तो त्या घरात विचारल्यावाचून येत-जात होता. आढ्याला रंग त्याने दिला होता, आमच्या आधी त्या घरात गाणी त्याने म्हटली होती. ठेकेदाराने त्याची आठवड्याची मजुरी अडकवून ठेवली होती, हे मागून कळले. ती सोडविण्यास आम्हांस दोन फेऱ्या घालाव्या लागल्या. मेहुणे म्हणतात, आम्ही भोळे आहोत. असू. पण ‘काय गेले?’ या प्रश्नाच्या उत्तरात तो पोरगा उंबऱ्यावर ज्या रीतीने उभा राहिला ते घालावयाचे की नाही? त्याची किंमत पंचनाम्यात कोणत्या रकान्यात लिहावयाची?

फिर्याद दिल्याबद्दल आम्हांस दोष देणाऱ्यांचा युक्तिवाद असा की, मिळणार काही नाही, हेलपाटे मात्र होतील. मोटार मिळावी म्हणूनच फिर्याद करावयाची असती तर हा युक्तिवाद बिनतोड होता. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली असता ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली दिला; खबरीची नक्कल फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य मिळते. आमची खबर नोंदवून घेतली, पंचनामा झाला, नक्कल हाती पडली. कोणाविषयी तक्रार करण्याजोगे काही घडले नाही. ज्या गावात दहा घरे फुटतात आणि एकच फिर्याद होते त्या गावात सरकारदप्तरी एकच घर फुटलेले असते, मग पहाराही एकाच घराच्या हिशेबाने पडतो. नऊ जण संत होऊन बसले, त्याची किंमत दहावा भरतो. शिवाय नोंद झाली म्हणजे संशयाला निदान कायद्याच्या रीतीने चालावे लागते. नोंद न झाली तर तो मेहुण्यांच्या दूरध्वनीने चालतो.

घर उष्टे झाले, आता पुन्हा शांत केल्यावाचून दसऱ्यास जाऊ नये, असेही सुचविण्यात आले. सौभाग्यवतींनी त्यावर काही उत्तर दिले नाही. त्या एक दिवस जाऊन ओटा स्वत:च्या हाताने धुऊन आल्या. टरफले त्यांनी फेकली, भाकरीचा तुकडा कुंपणापाशी पाखरांना घातला. विड्यांची थोटके पंचनाम्यात गेली होती.

राहता राहिले नळ. बसविणाऱ्या कारागिराने भाव सांगितला, आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाला, ‘साहेब, पावती नको असेल तर अर्ध्यात देतो. नवेच आहेत, एकदाच बसवलेले.’ आम्ही हिशेब करू लागलो होतो, हे लपविण्यात अर्थ नाही. तार नव्याने घालावयाची होती, मोटार घ्यावयाची होती, हातात पैसा बेताचाच उरला होता. सौभाग्यवतींनी विचारले, ‘कोणाच्या घरचे?’ तो हसला. तांबे आणि पितळ चोर खात नाही. ते अर्ध्या किमतीने कोणाच्या तरी नव्या न्हाणीघरात जाऊन बसते, आणि ते न्हाणीघर माळावरच्या पालात नसते. आमच्या हितचिंतकांपैकी कोणाकोणाच्या घरी असे एकदाच बसविलेले नळ आहेत, याची आम्ही चौकशी केलेली नाही. बांधकाम चालू असताना पावतीवाचून घेतलेल्या आमच्याच काही बटणांविषयीही केलेली नव्हती.

नळ पूर्ण किमतीचे, पावतीसह आणले. दसऱ्यास राहावयास गेलो. दूध उतू गेले, आणि त्या गडबडीत ओट्यावरून खाली सांडून शेजारणीच्या पायावरही गेले. मोटारीचा अद्याप पत्ता नाही.